आमच्या लाल ‘व्ही’ जर्सीत फोलाऊ नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझे वडील इस्लामपूरला तुमचा पेपर रोज घेतात आणि त्यातलं जे काही माझ्या कामाचं वाटेल त्याचा फोटो काढून मला इकडे सिडनीला व्हॉट्सॲपवर पाठवतात. या आठवड्यात त्यांनी क्रीडा पानाच्या कोपऱ्यातली चार ओळींची बातमी पाठवली, लाल पेनने गोल करून, आणि खाली लिहिलं होतं, “ही तुमचीच टीम ना गं?” हो, आमचीच. सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स, पांढऱ्या जर्सीवर मोठा लाल ‘व्ही’ असलेली. बातमी अशी होती की “धार्मिक मतांमुळे वादात सापडलेल्या” इस्राएल फोलाऊ या खेळाडूला हा क्लब परत रग्बी लीगमध्ये आणायच्या विचारात आहे आणि चाहते नाराज आहेत. त्या “धार्मिक मतांमुळे” या एका शब्दावर मी अडकले, दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसलेय. पत्र लांबेल, छापताना काय कापायचं ते कापा पण निदान पूर्ण वाचा.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की सगळं एकच वाटतं. रग्बी युनियन वेगळं, त्यात पंधरा जण. रग्बी लीग वेगळं, त्यात तेरा जण. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी फारकत घेतली ती एवढ्यासाठीच की खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंना मॅचसाठी खाडा केला की मजुरी बुडायची आणि ती भरून द्यायला वरचे लोक तयार नव्हते. म्हणजे हा पहिल्यापासून कष्टकऱ्यांचा खेळ. ऑस्ट्रेलियात तो १९०८ साली सुरू झाला. आमच्या क्लबचं अर्धं अंग सिडनीतलं सेंट जॉर्ज आणि अर्धं खाली वोलोंगाँगकडचं इलावारा, तिकडे कोळशाच्या खाणी आणि पोर्ट केंबलाचा पोलादाचा कारखाना. १९९८ मध्ये दोन्ही क्लब एक झाले. मला हा खेळ कळायला वेळ लागला नाही कारण मी कबड्डीच्या गावातली आहे. सहा टॅकलमध्ये पुढे घुसायचं, समोरच्यांनी तीन तीन जणांनी मिळून पकड करायची, पडलेला उठून बॉल पायामागे सरकवून परत तेच. पहिली मॅच बघताना माझ्या तोंडून “पकड पकड पकड” एवढंच निघत होतं.

ती पहिली मॅच मला दाखवली आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या दोन आजोबांनी. आम्ही २०१२ मध्ये सिडनीतल्या कोगराला राहायला आलो, मी तेव्हा वृद्धाश्रमात काम करायचे, अजूनही करते, नवऱ्याची नाइट शिफ्ट, मुलगी तीन वर्षांची, ओळखीचं कोणी नाही. एका शनिवारी दुपारी खालून दोघे गळ्यात लाल-पांढरे मफलर घालून निघाले होते आणि मुलगी जिन्यात उभी राहून त्या मफलरकडे बघत होती, तर त्यातल्या उंच आजोबांनी स्वतःच्या गळ्यातला काढून तिच्या गळ्यात घातला आणि मला म्हणाले की चला, स्टेडियम दहा मिनिटांवर आहे, गवताच्या टेकाडावर बसायचं, लहान मुलांना आवडतं. तेव्हापासून आम्ही ड्रॅगन्सचे. मुलीने त्यांना नावं पण तिथेच ठेवली, उंच ते मोठे आजोबा आणि बुटके ते धाकटे आजोबा, आणि आमच्या घरात ती नावं अजून चालतात. ते दोघं चाळीसेक वर्षं एकत्र राहतायत. २०१७ मध्ये इथे पोस्टाने मतदान झालं, ६१.६ टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला हो म्हटलं, डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षी त्या दोघांनी रजिस्टर लग्न केलं. आमच्याकडून साखरपुडा म्हणून पेढे नेले होते मी, घरी केलेले.

आता फोलाऊ. तो कसला खेळाडू होता हे मी नाकारणार नाही, नाकारलं तर खोटं होईल. टोंगन आईबापाचा सिडनीतलाच मुलगा, २००७ मध्ये मेलबर्न स्टॉर्म क्लबकडून पहिल्याच सीझनला २१ ट्राय (ट्राय म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं), अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाकडून खेळला, इतक्या लहान वयात तिथपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. उंच उडालेला बॉल चार जणांच्या डोक्यावरून काढायचा. मग ब्रिस्बेन, मग तो खेळच सोडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल, मग रग्बी युनियन, तिथे देशाकडून ७३ टेस्ट. मोठे आजोबा स्वतः म्हणायचे की असा कॅच घेणारा मी पन्नास वर्षांत बघितला नाही.

आणि मग एप्रिल २०१९ मध्ये त्याने इन्स्टाग्रामवर ती पोस्ट टाकली. त्यात एक यादी होती. दारुडे, समलिंगी, व्यभिचारी, खोटारडे, लग्नाशिवाय संबंध ठेवणारे, चोर, नास्तिक, मूर्तिपूजक, तुम्हा सगळ्यांची नरक वाट बघतोय, पश्चात्ताप करा. ही यादी मी आपल्या वाचकांसाठी मुद्दाम पूर्ण सांगतेय कारण आपल्याकडे ही भानगड म्हणजे “तिकडच्या गे लोकांचं काहीतरी” असं समजून पान उलटलं जातं. मूर्तिपूजक म्हणजे कोण हो? दरवर्षी मी हॉलमध्ये गणपती बसवते, शाडूची मूर्ती मिळाली नाही तर घरीच करते, धाकटे आजोबा पाट पुसून देतात आणि मोठ्या आजोबांना उकडीच्या मोदकावर तूप जास्त लागतं. त्या एका यादीत खालच्या मजल्याचे दोघं आणि वरच्या मजल्याचे आम्ही तिघं, असे पाचही जण आलो. चोरांच्या शेजारी.

त्याआधी २०१८ मध्ये पण त्याने असंच लिहिलं होतं, तेव्हा बोलणी झाली, समज दिली गेली. २०१९ ला रग्बी ऑस्ट्रेलियाने (इथली रग्बी युनियनची संस्था) पोस्ट काढ म्हणून सांगितलं, त्याने काढली नाही. तीन जणांच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि मे मध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं. तो कोर्टात गेला, लोकांकडून पैसे गोळा केले, डिसेंबरमध्ये तडजोड झाली आणि त्यात त्याच्याकडून आलं की कोणाला दुखवायचा हेतू नव्हता. ठीक आहे, हेतू नव्हता असं धरून चालू. पण त्याच्या एकच महिना आधी, नोव्हेंबरमध्ये, आमच्याकडे जंगलं पेटली होती, माणसं जळून मेली होती, आणि हा चर्चमध्ये उभा राहून सांगत होता की देशाने समलिंगी लग्नं आणि गर्भपात कायदेशीर केला म्हणून ही आग आणि हा दुष्काळ देवाने पाठवला. त्या दिवसांत सिडनीत सूर्य तांबडा दिसायचा, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख यायची, मी आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या खिडक्यांना ओले टॉवेल लावत होते. आणि हा माणूस सांगतोय की हे खालच्या मजल्यावरच्या लग्नामुळे झालं.

म्हणून “धार्मिक मतांमुळे” हा शब्द चुकीचा आहे संपादक साहेब. श्रद्धेवर इथे कोणी चिडलेलं नाही. एनआरएलमधले (नॅशनल रग्बी लीग, इथली मुख्य स्पर्धा) जवळजवळ निम्मे खेळाडू टोंगा, सामोआ, फिजी, न्यूझीलंडकडच्या घरांतले आहेत, त्यातले कितीतरी कडवे ख्रिश्चन. मॅच संपली की दोन्ही टीमचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी गोल करून गुडघे टेकून प्रार्थना करतात, आत्ता दोन मिनिटांपूर्वी एकमेकांना आपटत होते ते खांद्यावर हात टाकून डोळे मिटून बसतात, आणि सगळं स्टेडियम त्यांना मान देतं, आम्ही पण उभं राहून बघतो. माझी आई वारकरी आहे, पहाटे उठून हरिपाठ म्हणणारी, तिच्या श्रद्धेत मी वाढलेय, मला श्रद्धा काय असते ते कोणी शिकवायची गरज नाही. स्वतः देवाचं नाव घेणं वेगळं आणि पंगतीत बसलेल्या माणसाला तू नरकात जाणार म्हणून पानावरून उठवणं वेगळं.

युरोपात काय झालं ते पण बघा. २०२० च्या जानेवारीत फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या कॅटलन्स ड्रॅगन्सने (आमचा त्यांच्याशी संबंध नाही, नावच तेवढं सारखं) त्याला घेतलं. इंग्लंडमधले क्लब खवळले. विगनने जाहीर केलं की कॅटलन्सविरुद्धची आमच्या मैदानावरची मॅच आम्ही प्राइड डे (समलिंगी लोकांच्या पाठिंब्याचा दिवस) म्हणून साजरी करणार. हल केआर क्लबच्या मालकाने लेखी कळवलं की यामुळे आमचे स्पॉन्सर गेले तर भरपाई मागू. फोलाऊ पहिल्या मॅचला उतरला आणि सहाव्या मिनिटाला ट्राय केला, म्हणजे खेळ त्याचा शाबूत आहे यात शंका नाही, पण त्याच्या मागे मागे भांडण कसं गावोगाव फिरतं ते सगळ्यांनी पाहिलं. हे सगळं ताजं असताना आमच्या क्लबने एनआरएलकडे चौकशी केली की आम्ही त्याचं नाव नोंदवलं तर चालेल का. आमच्या. मागच्या सीझनला आम्ही बाराव्या नंबरवर होतो, कोच अर्ध्यात गेला, टीमला खेळाडू हवेत हे मला मान्य आहे, आम्ही पण दर आठवड्याला हरताना बघतोच की. पण भूक लागली म्हणून काय पण उचलून तोंडात टाकायचं का?

मोठ्या आजोबांच्या घरात पॅसेजमध्ये एक फोटो लावलेला आहे, त्याबद्दल सांगते. १९६३ ची फायनल, सिडनी क्रिकेट ग्राउंड, पावसाने मैदानाचा नुसता राडा झालेला. सेंट जॉर्जने वेस्टर्न सबर्ब्सला ८-३ हरवलं. मॅच संपल्यावर आमचा उंचच्या उंच नॉर्म प्रोव्हन आणि त्यांचा बुटका आर्थर समन्स, दोघेही डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखलेले, ओळखू पण येत नाहीत, एकमेकांना कवेत घेऊन उभे. हा फोटो इतका गाजला की पुढे विजेत्याला देतात ती ट्रॉफीच त्या दोघांच्या पुतळ्याची केली, आजही जो जिंकतो तो त्या दोघांना उचलतो. सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ सलग अकरा वर्षं फायनल जिंकलीय, इथल्या रग्बी लीगमध्ये दुसऱ्या कोणाला जमलंय का मला सांगा, आणि मोठे आजोबा त्यातल्या शेवटच्या काही फायनलला वडिलांच्या खांद्यावर बसून होते. माझ्या मुलीने तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं, “हे तुम्ही दोघं का?” उंच आणि बुटके ना. धाकटे आजोबा इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं, आणि तेव्हापासून कोणी पाहुणा आला की तो फोटो दाखवून “हे आम्ही” असंच सांगतात.

सोमवारी संध्याकाळी मी डबा द्यायला खाली गेले तर टीव्हीवर हीच बातमी चालू होती. मोठे आजोबा नेहमी टीव्हीशी भांडतात, रेफरीला शिव्या देतात, त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. टेबलावर मेंबरशिपचा फॉर्म होता, दरवर्षी ते जानेवारीतच भरून टाकतात, यावर्षी नाव पत्ता लिहिलेला, कार्डाचे चौकोन रिकामे, आणि पेन फॉर्मवर आडवं ठेवलेलं. धाकटे म्हणाले, “तो आत आला तर मी टेकडीवर बसून टाळ्या कुणासाठी वाजवू? त्याने ट्राय केला तर उठून उभा राहू का बसून राहू? सत्तरी झाली माझी, आता मला मैदानात बसून असले विचार करायचे नाहीत.” मी काय बोलणार. डबा ठेवला आणि वर आले. मागच्या वर्षी कोविडमध्ये प्रेक्षकांना बंदी होती तेव्हा पैसे भरून स्वतःचा पुठ्ठ्याचा फोटो खुर्चीवर ठेवता यायचा, तर या दोघांनी आपले शेजारी शेजारी ठेवायला लावले होते, का तर टीमला एकटं वाटू नये म्हणून. २०१८ च्या सेमीफायनलला आम्ही साउथ्सकडून (साउथ सिडनी क्लब) १३-१२ असे एका पॉइंटने हरलो, त्यांच्या रेनॉल्ड्सने तीन तीन फील्ड गोल (खेळता खेळता लाथेने मारलेला एकेका पॉइंटचा गोल) मारले, त्या रात्री हे दोघं माझ्या मुलीची समजूत घालत होते की पुढच्या वर्षी नक्की. अशा माणसांना क्लबने फॉर्मवर पेन आडवं ठेवायला लावलं, एवढाच माझा राग आहे, आणि तो फार मोठा आहे.

याच्या विरुद्ध बोलणारे पण आहेत, अगदी आमच्यातलेच. माझ्या कामावरचा एक जण म्हणाला की त्याने शिक्षा भोगली, दोन वर्षं झाली, पोट भरायचा हक्क आहे की नाही. आहे ना. त्याने खेळावं, कुठेही खेळावं, कोणी त्याचा श्वास बंद करत नाहीये. पण आमची जर्सी घालणं हा कोणाचा हक्क नाही, तो मान आहे, क्लब ज्याला देईल त्याला. आणि परत घरात घ्यायचं तर आपल्याकडे रीत काय असते? चुकलेला माणूस दारात येऊन सांगतो की चुकलं माझं. मग म्हातारी माणसं मागचं सगळं पोटात घालतात, पाणी देतात, बस म्हणतात. इथे दार आम्हीच उघडून बसलोय आणि तो काही म्हटलेलाच नाही. तो म्हणाला असता ना की मी लिहिलं त्याने पोरांना त्रास झाला, मला वाईट वाटतं, तर मला खात्री आहे की पहिले मोठे आजोबाच म्हणाले असते, येऊ दे त्याला, बॉल चांगला पकडतो.

दुसरा मुद्दा जास्त टोचतो. लोक म्हणतात की याच लीगमध्ये बायकांवर हात उचललेले, दारू पिऊन मारामाऱ्या केलेले परत खेळतात, मग फक्त बोललेल्याला बाहेर का? हे खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते. २०१९ मध्ये गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्याला खटला संपेपर्यंत बाजूला ठेवायचा नियम आला, तो फार आधी यायला हवा होता असंच माझं मत आहे. पण एका खोलीत घाण आहे म्हणून दुसरीत पण टाका असं कोणी म्हणतं का? आणि “फक्त बोलला” हे तर मला बिलकुल पटत नाही. त्याला लाखो पोरं फॉलो करतात. कोगरा स्टेशनच्या बाहेर, पार्कात, सगळीकडे पंधरा सोळा वर्षांची पोरं बॉल घेऊन त्याच्यासारखी उडी मारायला बघतात, त्यात एखादा असा असणार ज्याला नुकतं नुकतं स्वतःबद्दल काही कळायला लागलंय आणि घरी सांगायची छाती होत नाहीये. त्याने आपला हिरो उघडला आणि त्यात स्वतःचं नाव नरकाच्या यादीत वाचलं तर? इयन रॉबर्ट्स म्हणून एक खेळाडू होता, साउथ्स आणि मॅनलीचा, मैदानात भल्याभल्यांना घाम फोडणारा फॉरवर्ड, त्याने १९९५ मध्ये उघडपणे सांगितलं की मी गे आहे, या खेळात असं सांगणारा तो पहिला. फोलाऊच्या पोस्टनंतर तो कळकळीने हेच सांगत होता की अशा बोलण्याने लहान गावांतली, उपनगरांतली पोरं जीव देतात हो. त्याने स्वतः भोगलंय, त्याच्या शब्दाला माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

एनआरएलचे मोठे साहेब पीटर व्ह्लान्डीस २०१९ मध्ये स्पष्ट म्हणाले होते की हा खेळ सगळ्यांना सामावून घेणारा आहे आणि फोलाऊचं बोलणं तसं नाही. आता क्लबने कागदोपत्री अर्ज केला तर विचार करू असा सूर लागलाय. माझं म्हणणं आहे की निर्णय त्यांच्या गळ्यात टाकायचाच कशाला, क्लबने स्वतःहून म्हणावं की आम्ही अर्ज करत नाही. स्पॉन्सर काय म्हणतात, त्यातली बँक काय म्हणते यावर थांबू नये. बँकेच्या आधी टेकडीवरच्या माणसांकडे बघावं.

हे सगळं इस्लामपूरच्या वाचकाला कशाला सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. तुमची बातमी वाचून माझ्या वडिलांनी फोनवर विचारलं, “धर्मावरून एखाद्याला खेळू देत नाहीत होय तुमच्याकडे? आपल्या पोरांना पण उद्या असंच करतील.” चार ओळीत त्यांना उलटंच कळलं. मी त्यांना ती यादी मराठीत वाचून दाखवली, मूर्तिपूजकापर्यंत आले तर पलीकडे गप्प झाले. मग खालच्या दोघांबद्दल विचारलं. मी त्यांना इतकी वर्षं फक्त “शेजारचे दोन आजोबा” एवढंच सांगत आले होते, ते एकमेकांचे कोण हे सांगितलं नव्हतं, खरं तर धीर झाला नव्हता. २०१८ च्या ६ सप्टेंबरला आपल्या सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल (समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा) आला तेव्हा धाकट्या आजोबांनीच वर येऊन माझं अभिनंदन केलं होतं, पण मी ती गोष्ट घरी कळवली नाही. परवा सांगितली. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “ते गणपतीला पाट पुसून देतात तेच ना? कोविडनंतर बॉर्डर उघडली की घेऊन ये त्यांना, कबड्डी दाखवू.”

तेव्हा माझी विनंती एवढीच की ही बातमी पुढे आली, तो आला किंवा नाही आला, तर “धार्मिक मतांमुळे” असं न लिहिता त्याने काय लिहिलं होतं ते लिहा, पूर्ण यादीसकट. मी क्लबला इंग्रजीत मेल पाठवलाय, मुलीने पण वेगळा पाठवलाय, तिच्या मेलला त्या फोटोचा फोटो जोडलाय. मार्चमध्ये सीझन सुरू होतोय. खालचा फॉर्म काल रात्रीपर्यंत तसाच होता.

माझं नाव छापू नये, त्या दोघांची ओळख पटायला नको.

आपली नम्र,
एक वाचक
मूळ इस्लामपूर, जि. सांगली
सध्या कोगरा, सिडनी
फेब्रुवारी २०२१